पांढऱ्या चकतीवरचा अंगठा

सावंगी (मेघे)
रविवार, १५ जून २०२५

ताई,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास हे कळायला मला तीन दिवस लागले. आधी वाटलं, गिरणीपाशी रेंज नसेल. मग पानठेल्यावाल्याच्या फोनवरून लावला तर पहिल्या घंटीला उचललास, "हॅलो" म्हणालीस आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

शेवटचं पत्र मी तुला पॉलिटेक्निकच्या होस्टेलवरून लिहिलं होतं. उत्तरात तू पाच ओळी लिहिल्या होत्यास आणि त्यातल्या तीन माझ्या जेवणाबद्दल होत्या. या वेळी तेवढीही आशा धरत नाही. वाचवेल तेवढं वाच.

३ मेला तू फोन केलास. शब्द न् शब्द आठवतो. "कैलास, तो नमुना आखीन एकदा तपास. माह्या हळदीत काईच नाई. मशीन तुह्या हातात हाय, पाह्य एकदा." मी म्हणालो, नियमात बसत नाही. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा तेच बोललो. माझी बाजू जरा ऐकून घे. आमच्या प्रयोगशाळेत नमुना येतो तेव्हा पुडीवर फक्त क्रमांक असतो. तुमच्या बचत गटाची हळद माझ्यापुढे आली ती एकशे सतरा नंबर म्हणून. खरेदीदाराने फेब्रुवारीत तुमचा जो नमुना पसंत केला होता, त्याच्या रंगाशी हा माल जुळतो की नाही एवढंच बघायचं होतं. माल फिकट आला. मी आकडे लिहिले, साहेबांनी सही केली, खरेदीदाराने सगळी पोती परत पाठवली. ती हळद तुमची होती हे मला त्यानंतर कळलं. आणि नातेवाइकाच्या मालाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे, लेखी आहे, भिंतीवर चिकटवलेला आहे. यात माझं काय चुकलं ते तूच सांग.

पण मी हे माझ्यासाठी लिहीत नाही, धुरपतासाठी लिहितो आहे. गटातल्या वच्छलाबाईंनी मला सगळं सांगितलं. माझ्याशी बोलल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गटाच्या अकराही बाया गिरणीपुढे बसलेल्या असताना, तू धुरपताला उभं केलंस. म्हणालीस, ही आपल्या घरचा मका याच गिरणीत दळते, हिनंच ते पीठ मिसळवलं आणि तेवढी हळद घरी नेली. ती नाही म्हणाली तर तिच्या थोबाडीत मारलीस. ताई, बाबांच्या वेळेपासून ती आपल्याकडे हळद उकडते, वाळवते, दळते. तुझ्याहून सतरा वर्षांनी मोठी बाई. आणि रिपोर्टात मका हा शब्द कुठेही नाही. "बाहेरचा फिकट पदार्थ मिसळला असल्याची शक्यता" एवढंच वाक्य आहे, मीच टाईप केलेलं. त्यातली शक्यता गावात पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडली.

धुरपता आता आष्टीला लेकीकडे, छायाकडे जाऊन राहिली आहे. जिल्ह्याच्या या टोकाची बाई उतारवयात त्या टोकाला. तिला परत बोलाव. त्याच बायांसमोर एवढं म्हण, की धुरपताने काही केलं नाही. तुझं त्यात काय जातं?

कैलास


सावंगी (मेघे)
रविवार, २७ जुलै २०२५

ताई,

उत्तर नाही आलं. बरं. हेही वाच.

धुरपता इथे सावंगीच्या दवाखान्यात आहे, माझ्या खोलीपासून पायी दहा मिनिटांवर. फुप्फुसात पाणी झालंय. छायाने फोन केला, "मामा, अथी कोनीच वयखीचं नाई, तुमी येऊन पाह्यता का?" मी गेलो. गेलो म्हणजे चौथ्या दिवशी गेलो. आधीचे तीन दिवस मला कामं होती.

ओळखू आली नाही. हळदीने कायम पिवळे असायचे ते तळहात आता पांढरे पडलेत, उसाच्या चिपाडासारखी हलकी झालीये. मला पाहून उठायला लागली. "कैलासबापू, बसा. चहा प्याले का?" खाटेवर पडलेली बाई मला चहा विचारते. मग तुझी चौकशी. मग तुझ्या काजलची. "पोरगी बरी हाय ना सासरी? हळदीच्या दिसी काय नाचली होती माय." तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, याचाच मला राग आला.

मग मला विचारलं, तुमचं ते मशीन असते कसं? मला बरं वाटलं, काहीतरी बोलायला मिळालं. सांगितलं, एक पोकळ गोळा असतो, आतून पांढराफट्ट. त्याच्या खिडकीला हळदीची पुडी लावायची आणि उजेड सोडायचा. भुकटीवर पडलेला उजेड आरशासारखा एका दिशेने परत येत नाही, दाही दिशांना उडतो. तो सगळा त्या गोळ्यात कोंडला जातो, आतल्या आत फिरतो आणि एका डोळ्याला दिसतो. किती उजेड दिला, किती परत आला, त्यावरून रंग आकड्यात सांगता येतो. निळा उजेड चांगली हळद जवळजवळ सगळा खाऊन टाकते. पीठ मिसळलेली हळद थोडा परत देते.

ती ऐकत होती. म्हणाली, "अन् पांढरं कोन्तं, हे मशीनले कसं कयते?"

म्हटलं, ते आपण सांगायचं. रोज सकाळी एक पांढरी चकती दाखवायची. हे शंभर टक्के, असं म्हणायचं. मशीन त्यावरून बाकीचं ठरवते.

"अन् चकतीच मयली असली त?"

मी हसलो. म्हातारी हुशार आहे, बिनशाळेची असली म्हणून काय झालं. म्हटलं, चकती मळत नाही, आम्ही काळजी घेतो. मग मला काम आठवलं आणि मी निघालो.

दारापर्यंत आलो तेव्हा तिने हाक मारली. "रंभीनं आपल्या तोंडानं म्हनावं, धुरपतानं नाई केलं. येवढंच. बाकी मले काई नको." मी म्हटलं, ताईला सांगतो. ते आता सांगितलं. डॉक्टर म्हणतात औषधाला साथ देत नाही, आता जेवतही नाही. तू एकदा येऊन जा. वर्ध्यापर्यंत बस आहे, पुढे मी गाडी घेऊन येतो. मला भेटू नकोस, हवं तर मी बाहेर थांबतो.

कैलास


सावंगी (मेघे)
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

ताई,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फाडलं तर आमचा झाडूवाला विचारेल, म्हणून हे पाठवतो.

काजलचं लग्न सोमवारी, २१ एप्रिलला झालं. आदल्या दिवशी हळद. मामाला कोण सोडतं? तूच पहिली मूठ माझ्या तोंडाला फासलीस आणि मग त्या पोरींनी तेल-हळदीचा अख्खा वाडगा माझ्या डोक्यावर रिकामा केला. मंगळवारी सकाळी मी कामावर हजर झालो, कारण जोडीदार सुट्टीवर होता आणि साहेबांचा फोन आला होता, की एका खरेदीदाराची गाडी थांबून आहे. पोचायला दीड तास उशीर झालेला.

आमच्या पांढऱ्या चकतीची कड आदल्या आठवड्यात उडाली होती, म्हणून नवी भरायची होती. ती विकत मिळत नाही असं नाही, पण आम्ही घरीच करतो. पांढरी भुकटी वाटीत भरायची, काचेने दाबायची, गुळगुळीत करायची. हातमोजे घालून मला ते कधी जमलं नाही. काच उचलली तेव्हा मधोमध थोडी खपली निघाली. ती मी अंगठ्याने दाबून बसवली.

ताई, नखात तेल-हळद होती.

मला ते दिसलं नाही. ट्यूबलाइटमध्ये पांढरंच दिसत होतं. आणि मशीन तर काय, तुम्ही दाखवाल ते त्याचं पांढरं. पिवळट चकती दाखवली तरी ते शंभर टक्के म्हणून सरळ रेघ काढतं. मग हळद लावली की निळ्यात सहा टक्के यायला हवे तिथे साडेसात येतात. फेब्रुवारीत चांगल्या चकतीवर मोजलेला तुमचा नमुना आणि एप्रिलमध्ये माझ्या अंगठ्यावर मोजलेला माल, दोन्ही शेजारी ठेवले तर माल फिकटच दिसणार. त्याच दिवशी सिंदीच्या एका व्यापाऱ्याचं सूत मोजलं होतं. ते इतकं पांढरंशुभ्र आलं की त्याने पेढे पाठवले. मी दोन खाल्ले.

ती जुनी चकती मला परवा कपाटामागे सापडली. खिडकीपाशी नेऊन नव्या चकतीशेजारी धरली आणि सगळा उलगडा झाला. म्हणजे तुझी हळद चोख होती. धुरपता चोख होती.

हे मी साहेबांना सांगणार आहे. फक्त सप्टेंबरात आमची मोठी तपासणी आहे, बाहेरची माणसं येतात, सगळी रजिस्टरं उघडतात. ती होऊन जाऊ दे. माझी नोकरी पक्की व्हायचीही तीच वेळ आहे. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभराचा प्रश्न आहे, ताई. तू मात्र थांबू नकोस, धुरपताला आताच बोलाव. कारण कुणाला सांगायची गरज नाही. तिला परवा घरी सोडलं, छाया आष्टीला घेऊन गेली. बरं वाटत असेल असं मी धरून चाललो आहे.

परवा पोळा. गावात असतो तर बरं झालं असतं.

कैलास


सावंगी (मेघे)
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

ताई,

धुरपता ३१ ऑगस्टला गेली. तुला कळलं असेलच. मला छायाने नाही, वच्छलाबाईंनी कळवलं. मातीला मी गेलो नाही.

मागच्या पत्रातलं अर्धं खोटं होतं. आता ते नीट लिहितो, कारण लपवून ठेवण्यात आता अर्थ नाही, जिचं काही बिघडायचं होतं ती बाईच राहिली नाही.

चकती मला परवा-तेरवा सापडली नव्हती. २९ एप्रिललाच दिसली होती. रिपोर्ट जाऊन पाच दिवस झाले होते. त्या दिवशी मी कामाला बसलो तर सकाळचं ऊन सरळ टेबलावर आलं आणि चकतीच्या मधोमध फिकट पिवळा डाग दिसला, अंगठ्याएवढा, त्यात रेषासुद्धा होत्या. मी लगेच नवी चकती भरली. मग सगळे जेवायला गेल्यावर एकशे सतरा नंबरची राखीव पुडी काढली आणि पुन्हा मोजली. फेब्रुवारीच्या रेघेवर रेघ बसली. तरी मन मानेना, म्हणून थोडी हळद स्पिरिटमध्ये भिजवून तिचा अर्क काढला आणि तो काचेच्या डबीत घालून किती उजेड शोषतो ते पाहिलं. त्यात पांढऱ्या चकतीचा संबंधच नसतो. तिथेही रंग भरपूर. म्हणजे चार दिवसांनी तू फोन केलास तेव्हा तुला जे हवं होतं ते मी आधीच करून बसलो होतो. उत्तर माझ्या खिशात होतं आणि मी तुला भिंतीवरचा नियम वाचून दाखवला.

कारण आणखी एक आहे. रोज सकाळी चकतीनंतर एक पक्की चिनीमातीची फरशी मोजायची असते. तिचे आकडे ठरलेले असतात. ते जुळले नाहीत तर काम थांबवायचं. २२ एप्रिलला ती मोजली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. उशीर झाला होता म्हणून मी मोजली नाही आणि रजिस्टरात आदल्या दिवशीचे आकडे उतरवले. अंगठा ही चूक म्हणता येईल. आकडे उतरवणं ही चूक नव्हती.

ती आष्टीला गेली तेव्हा मला काय वाटलं माहीत आहे? सुंठेवाचून खोकला गेला. अगदी याच शब्दांत वाटलं. मला स्वतःची लाज वाटते, ताई, पण तेव्हा वाटली नाही.

आता दवाखान्यातलं. मी तुला लिहिलं की चकती मळत नाही असं सांगून मी निघालो. तसं नव्हतं. तिने माझा हात धरला होता. "खरं सांगा बापू. मशीन चुकते का?" मी तिच्या तोंडाकडे बघून म्हणालो, "नाही धुरपताबाई, मशीन चुकत नाही." तिने हात सोडला. भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "मंग माह्याच हातून काई झालं असन. मका दयला होता त्याच्या आंधी. जातं मी झाडलं होतं, पन डोये आता कामाचे नाई राह्यले. रंभीचं काई चुकलं नाई मंग."

म्हणजे तिला मी पटवून दिलं. थापड तू मारलीस, पण ती नाहीच म्हणत होती. मी मात्र तिला हो म्हणायला लावलं. ती तेच घेऊन गेली.

त्या दिवसानंतर ती जेवेनाशी झाली असं छायाने वच्छलाबाईंना सांगितलं. मी तारीख पुन्हा पुन्हा विचारली. तोच दिवस आहे.

तपासणी १६ तारखेला आहे. मी त्याच्या आधी सांगणार आहे. या वेळी खरंच सांगणार आहे.

कैलास


सावंगी (मेघे)
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

ताई,

सांगितलं. ११ सप्टेंबरला सकाळी प्रभाकररावांच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि चकती टेबलावर ठेवली. त्यांनी आधी दार लावलं. मग चष्मा काढून डाग पाहिला. ओरडले नाहीत. "पाच महिने?" एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी माझा राजीनामा त्यांनीच टाईप करून आणला, मी सही केली. त्या दिवशीच्या सगळ्या नमुन्यांचे नवे रिपोर्ट निघाले, खरेदीदारालाही गेले. तुमच्याकडे आलाच असेल. "नमुना पसंत नमुन्याशी जुळतो." बैल गेला आणि झोपा केला.

दिवाळीत मी कुणाच्या घरी गेलो नाही. भाऊबीजेला तुझ्या दारावरून परत फिरलो, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. काल आष्टीला गेलो. छायाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. मी रिपोर्टची प्रत तिच्यापुढे ठेवली. ती सातवी शिकली आहे, बोट ठेवून सगळं वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मग म्हणाली, "मामा, यात मायचं नाव कुठी हाय?"

म्हटलं, नाव नसतं. नंबर असतो.

"पह्यल्यात होतं का?"

म्हटलं, नाही.

"मंग हे मी कोनाले दाखवू?"

मी मशीनचं, चकतीचं, अंगठ्याचं सगळं सांगितलं. दवाखान्यातलंही सांगितलं. ती रडली नाही. उठून चुलीपाशी गेली, पाठ करून बसली आणि तिथूनच बोलली. "कागद तुमी ठेवा. मायले जथी मारलं तथी येऊन सांगा. त्याच बायांपुढं. मी येतो ऐकाले."

तर २ नोव्हेंबरला, रविवारी, गटाची बैठक आहे असं वच्छलाबाई म्हणाल्या. मी येतो आहे. गिरणीपुढे उभा राहून सगळं सांगणार आहे, अंगठा, रजिस्टर, तुझा फोन, दवाखाना. छाया येणार आहे.

तुला घाबरायचं कारण नाही. तू जे केलंस ते माझ्या कागदाच्या भरवशावर केलंस. प्रयोगशाळेचा शिक्का असलेला कागद, तोही भावाच्या हातचा, कोण खोटा मानेल? थापडीची गोष्ट मी काढणार नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. काढली गेलीच तर मी म्हणेन की हात ताईचा होता, पण उचलला मी. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. मला खरंच तसं वाटतं.

काजलला दिवस गेलेत असं कळलं. तिला माझा आशीर्वाद सांग, घेत असेल तर.

कैलास


मंगयवार, ४ नोव्हेंबर

कैलास,

तुही पत्रं सारी आली. एकही फाडलं नाई. पह्यलं आलं तवापासून कनगीवर ठेवून हाय. उत्तर काऊन देल्लं नाई ते आज लिहितो, मंग पुन्हा लिहिणार नाई.

रविवारी तू बोलला तवा मी खाली मान घालून बसून होती. साऱ्यायले वाटलं मले लाज वाटून राह्यली तुह्यी. तू गेल्यावर बाया लय बोलल्या. वच्छला म्हने, रंभाबाई, सक्क्या भावानं गया कापला तुमचा. आनंदाबाई म्हने, अशा भावाचं तोंड पाहू नोका. कोनी चहा आनला, कोनी पाठीवरून हात फिरवला. मी चहा पेली.

आता आयक. ते पोते मी भरले होते. धुरपता दयत होती अन् मी तिच्या बाजूले बसून हातानं चायत होती, पह्यल्या पोत्यापासून आखरीच्या पोत्यापर्यंत. तीन दिवस मी तथून हालली नाई. जातं बी मीच झाडलं होतं, तिनं नाई. मक्याचा एक कन नव्हता त्यात. हे मले तुहा रिपोर्ट आला तवा माहीत होतं, अन् धुरपताले मारलं तवाही माहीत होतं.

म्हनून तुले फोन केलता. मले खात्री होती का तू तपासशीन अन् मशीनच चुकलं हे निघन. तू नाई म्हनला. तुह्या आवाजावरूनच मी समजली का तू काईतरी लपवून राह्यला. लहानपनापासून तू खोटं बोलला का हळू बोलतं. मी राती इचार केला. गावात बाया म्हनत होत्या, हळद रंभाच्या घरात होती, किल्ली रंभापाशी, मंग मिसळवलं कोनं? तुहे भाऊजी असते त कोनाची हिंमत झाली नसती. काजलले सासरी जाऊन पंधरा दिस झाले नव्हते, अन् तिची सासू फोन करून विचारून राह्यली होती का खरं काय हाय. तुहं नाव घेतलं असतं त तुही नोकरी गेली असती. माहं घेतलं असतं त पोरगी घरी आली असती. धुरपता कोनाचीच कोनी नव्हती.

ती नाई म्हनली तवा माह्याकडं पाह्यत होती. तिले माहीत होतं का मले माहीत हाय. म्हनून हात उचलला.

तू लिहितं का मी तुह्या कागदाच्या भरवशावर केलं. तसं नाई. पन रविवारी तू तसंच सांगितलं अन् मी तसंच राहू देल्लं. काजलले दिस गेले हायेत. मी कोनाले सांगणार नाई. तुले सांगितलं, कारन तू येकटाच सारं उचलून राह्यला अन् ते मले पाह्यवलं नाई. आता अर्धं माहं. पन ते गावात नाई, येवढ्या कागदातच.

बाया गेल्यावर छाया थांबली होती. मी तिले म्हनली, बस, जेवून जाय. ती म्हने नाई, आष्टीची बस हाय. मंग ओट्यावरून उतरतानी परत फिरली. म्हने, मावशी, मायले जाऊन दोन मयने झाले, रोज तुमाले शिव्या देल्ल्या मनातल्या मनात. तुमाले बी फसवलं होतं हे मले ठाऊक नव्हतं. माफ करजा.

अन् माह्या पाया पडली. मी पडू देल्लं.

रंभा